बोर्डात सॉफ्टवेअर भरताना
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





या विषयावर मी बोलावे असे चिटणीस साहेबांनी सुचविले तेव्हा मी त्यांना म्हणालो, "साहेब, मी बी.ए., बी.एड. माणूस. इतिहास आणि मराठी शिकवतो. विजेच्या तारेला हात लावायला मी आजही घाबरतो." ते म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बोला. जाणकार बोलले की पालक माना डोलावतात आणि घरी जातात." त्यांचे म्हणणे मला पटले. आज जे सांगणार आहे ते बरेचसे मुलांकडून शिकलेले आहे आणि त्यातला एक भाग चुकून शिकलेला आहे.

आमच्या प्रयोगशाळेची जबाबदारी माझ्याकडे आली ती विज्ञानाच्या सरांची बदली झाल्यावर, तात्पुरती म्हणून. तात्पुरत्या जबाबदाऱ्या किती टिकतात हे शिक्षक मंडळींना वेगळे सांगायला नको. कपाट उघडले तर आत छोट्या छोट्या हिरव्या पट्ट्या, तारांचे गुंते आणि दिवे. एका पट्टीची लांबी माझ्या करंगळीपेक्षा थोडी कमी. मुले तिला 'पिको' म्हणत. पूर्ण नाव रास्पबेरी पाय पिको. २०२१ साली बाजारात आलेला, चार-पाचशे रुपयांत मिळणारा बोर्ड. तिच्यावर दोन काळ्या चिपा ठळक दिसतात. एक विचार करणारी आणि दुसरी लक्षात ठेवणारी. दुसरीला फ्लॅश मेमरी म्हणतात आणि तिची क्षमता २ एमबी. तुमच्या मोबाईलमधल्या एका फोटोलाही ही जागा कधी कधी पुरत नाही. पण त्या दोन एमबीत पाण्याचा पंप चालू-बंद करण्याइतकी अक्कल आरामात मावते.

पालकांनो, हा विषय आपल्या घरापासून लांबचा आहे असे समजू नका. रात्रीच्या लाईटला उसाला पाणी देणारे आपल्यात कितीतरी आहेत. घरी बसून मोबाईलवरून मोटार चालू करणारा स्टार्टर आता वस्तीवस्तीवर दिसतो. त्याच्या डब्यातही असाच एक बोर्ड असतो. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग केला, त्यात शेतात हवामान केंद्रे आणि जमिनीतील ओल मोजणारी उपकरणे बसविली आहेत. त्यांच्याही आत बोर्डच. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची कवचे घडली, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. पण मोठ्या लोखंडाच्या कामाइतकेच हे बारीक काम आपल्या दारापर्यंत आले आहे, आणि ते आपल्या मुलांच्या हातांना जमते.

आता मूळ गोष्ट. नवा बोर्ड रिकामा असतो. त्याला वीज दिली तरी तो काही करीत नाही. त्याच्या फ्लॅश मेमरीत आधी एक कारभारी बसवावा लागतो, म्हणजेच सिस्टीम सॉफ्टवेअर. मग त्या कारभाऱ्याच्या हाताखाली मुलांनी लिहिलेला प्रोग्राम चालतो. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात याला 'सॉफ्टवेअर मारणे' म्हणतात. पुस्तकी शब्दांपेक्षा मला हा शब्द आवडतो, कारण तो सगळ्यांना कळतो.

हे सॉफ्टवेअर यूएसबीच्या केबलने मारतात. यूएसबीची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. ती घडविणाऱ्यांत इंटेल कंपनीतले अजय भट्ट हे एक प्रमुख नाव. शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. आणि फ्लॅश मेमरी ही जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांची. १९८४ साली त्यांनी ती जगापुढे मांडली. त्याआधीच्या एका प्रकारच्या चिपेवरचा मजकूर पुसायचा तर तिच्या काचेच्या खिडकीतून अतिनील प्रकाश बराच वेळ पाडावा लागे. मासुओकांची चिप विजेनेच, क्षणात पुसली जाई. ते पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि नाव पडले फ्लॅश.

या चिपेचा स्वभाव मुलांनी समजून घ्यावा. शाळेची जुनी दगडी पाटी आठवा. पाटीवर अक्षर कुठेही लिहिता येते, पण समजा नियमच असा केला की एखादे अक्षर बोटाने पुसायचे नाही, पुसायची तर ओल्या फडक्याने सगळी पाटी पुसायची. फ्लॅश तशी आहे. पुसली की तिच्यात सगळीकडे १ येतात. लिहिताना हव्या त्या ठिकाणी १ चा ० करता येतो. पण ० चा पुन्हा १ करायचा तर एकट्या त्या जागेचा करता येत नाही, आख्खा तुकडा पुसावा लागतो. पिकोच्या चिपेत असा लहानात लहान तुकडा ४०९६ बाइटांचा असतो. आणि पाटी जशी घासून घासून झिजते तशी हीसुद्धा झिजते. एक तुकडा साधारण एक लाख वेळा पुसता येतो. एक लाख म्हणजे खूप, असे मलाही वाटले होते. फळ्यावर हिशेब केला. ओल मोजणारा प्रोग्राम दर सेकंदाला एकाच जागी आकडा पुसून लिहू लागला तर एक लाख वेळा व्हायला अठ्ठावीस तासही लागत नाहीत. दर अर्ध्या तासाला लिहिला तर साडेपाच वर्षांहून अधिक. शेतातली ओल काही सेकंदाला बदलत नाही. तेव्हा इथे नुसती गणिताची घाई कामाची नाही, शेतीची समज लागते, आणि ती आपल्या मुलांना घरातूनच मिळालेली आहे.

पिकोत सॉफ्टवेअर मारायची रीत अशी. बोर्डावर 'बूटसेल' लिहिलेले एक पांढरे बटण आहे. ते दाबून धरायचे आणि दाबलेले असतानाच केबल संगणकाला जोडायची. मग बटण सोडायचे. संगणकाला वाटते पेनड्राइव्हच लावला. पडद्यावर एक नवी ड्राइव्ह दिसते. तिच्यात सॉफ्टवेअरची फाइल उचलून टाकायची. फाइलच्या नावाच्या शेवटी 'यूएफ२' असते. ती पोहोचली की बोर्ड आपोआप पुन्हा सुरू होतो आणि ती ड्राइव्ह पडद्यावरून गायब होते. पहिल्यांदा ती गायब झाली तेव्हा मी दचकलो होतो. काही संगणक "ड्राइव्ह नीट न काढता ओढलीत" असा दमही देतात. तिकडे लक्ष द्यायचे नाही.

फाइल मात्र त्याच बोर्डाची हवी. साधा पिको आणि वायफायचा पिको डब्ल्यू दिसायला जवळजवळ सारखेच. साध्याची फाइल डब्ल्यूमध्ये गेली तर बोर्ड ती घेतो, चालतोही, पण त्याच्यावरचा दिवा लुकलुकत नाही, कारण डब्ल्यूमध्ये तो दिवा वायफायच्या चिपेला जोडलेला आहे. आमच्याकडे दोन मुलांनी या कारणाने एक चांगला बोर्ड 'डेड' म्हणून वेगळा काढून ठेवला होता.

या 'डेड' शब्दाविषयीच मला आज बोलायचे आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीतली एक मुलगी शनिवारी प्रयोगशाळेत यायची. इंदापूरच्या बाजूची. तिचे अब्बा मोटार वाइंडिंगचे काम करतात. बोलायला कमी, पण तार सोलण्यात आणि जोड पक्का करण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. तो घरचाच गुण. एका शनिवारी तिच्या हातातला बोर्ड चालेना. बटण दाबून केबल लावली तरी संगणकावर काहीच दिसेना. बोर्डाला वीज जात होती, पण ड्राइव्ह येत नव्हती. मी दहा वेळा लावून पाहिले. मग सगळ्या वर्गासमोर मी तिला म्हणालो, "तूच काहीतरी उलटसुलट मारलेस. बोर्ड मेला. आता याचे पैसे कोण भरणार?"

ती काही बोलली नाही. पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही.

चौकशी केली तेव्हा कळले की तिने घरी सांगितले, मला यंत्रातले कळत नाही, सरांनीच सांगितले. तिच्या अम्मीने तिच्यासाठी शिवणाचा क्लास शोधायला घेतला होता. शिवण वाईट असे मी मुळीच म्हणत नाही; माझ्या अम्मीच्या मशीनवर माझी बी.एड.ची फी निघाली आहे. पण त्या मुलीला शिवणाकडे पाठविणारा तिचा कल नव्हता. माझे एक वाक्य होते.

मी तो बोर्ड खिशात घालून रविवारी एस.टी.ने इंदापूरला गेलो. भवानीनगर, निमगाव केतकी मागे पडले तरी पालकांशी काय बोलायचे ते ठरेना. स्टँडजवळ मुलीच्या चाचांचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. आधी तिथेच गेलो, म्हटले दुरुस्त होत असेल तर तेवढाच आधार. चाचांनी बोर्ड हातात घेतला, भिंगाखाली धरला, परत टेबलावर ठेवला आणि विचारले, "सर, केबल कुठली होती?" मी म्हटले, माझ्या फोनच्या चार्जरची. ते हसले. म्हणाले, "केबल बदलके देखो ना सर. बोर्डकू कायकू नावां रखते?"

त्यांनी खणातून दुसरी केबल काढली, बटण दाबले आणि जोडली. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर ड्राइव्ह उभी राहिली.

मंडळी, यूएसबीच्या साध्या केबलच्या आत चार तारा असतात. लाल आणि काळी विजेच्या, हिरवी आणि पांढरी माहितीच्या. स्वस्तातल्या काही चार्जिंग केबलींत हिरवी-पांढरी नसतेच. वीज जाते, दिवा लागतो, फोन चार्ज होतो. पण बोलणे होत नाही. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. चाचांनी ती केबल माझ्यासमोर कापून दाखविली. आत दोनच तारा. शिकलेला कोण आणि न शिकलेला कोण, हे त्या दिवशी त्या टेबलावर उघडे पडले होते.

आम्ही तसेच तिच्या घरी गेलो. तिच्या अब्बांसमोर मी तिला सांगितले की चूक माझी होती. मोठ्या माणसाने लेकराची माफी मागायची म्हणजे जीभ जड होते, हे मी लपवीत नाही. अब्बांना ते बरे वाटले नाही. "जाऊ द्या सर, तिचीच चूक असेल" असे ते म्हणत राहिले. मुलगी मात्र त्या कापलेल्या केबलकडे बघत होती. तिने ती मागून घेतली. पुढच्या शनिवारी ती आली. ज्या वर्गासमोर मी तिला बोललो होतो त्याच वर्गासमोर मी केबलची हकीकत सांगितली.

त्यानंतर मी स्वतःच जरा खोलात गेलो. पिको असा चिवट का, बटण दाबले की प्रत्येक वेळी उठून का बसतो, हे मला जाणून घ्यायचे होते. उत्तर असे की विचार करणाऱ्या चिपेच्या आत कारखान्यातच १६ केबी इतकी छोटी मजकुराची जागा कायमची कोरलेली असते. ती कोणालाच पुसता येत नाही, मुलांना नाही आणि मलाही नाही. वीज आली की चिप आधी तिथले वाचते. बटण दाबलेले आहे का? असेल तर संगणकाकडून नवे सॉफ्टवेअर घ्यायला तयार होते. नसेल तर फ्लॅशमधला पहिला २५६ बाइटांचा तुकडा तपासते; तो बरोबर असला तर पुढचे काम त्याच्यावर सोपविते, आणि तोच बिघडलेला असला तर पुन्हा संगणकाची वाट बघते. म्हणून सॉफ्टवेअर मारता मारता लाईट गेली तरी पिको कायमचा मरत नाही. बटण दाबायचे आणि पुन्हा मारायचे. आपल्याकडची लाईट लक्षात घेता ही सोय फार मोठी आहे.

सगळेच बोर्ड असे नसतात हेही सांगितले पाहिजे. आर्डुइनो उनो हा बोर्ड बऱ्याच शाळांत आहे. त्याच्यात नवे सॉफ्टवेअर आत घेणारा छोटा कारभारी फ्लॅशमध्येच राहतो, म्हणून तो कधी पुसला जाऊ शकतो. मग दुसऱ्या चांगल्या उनोच्या मदतीने, सहा टाचण्यांच्या जोडातून, त्याला परत बसवावे लागते. अवघड आहे, पण होते.

मोठ्या बोर्डांची तऱ्हा आणखी वेगळी. माझा एक माजी विद्यार्थी पिंपरी-चिंचवडकडे एका कंपनीत आहे. ईदच्या सुट्टीत आला तेव्हा त्याने कॉम्प्युट मॉड्यूल नावाचा बोर्ड दाखविला. त्याची फ्लॅश काही जीबींची, म्हणजे पिकोच्या हजारो पट, आणि तिच्यात पूर्ण लिनक्स मारावे लागते. तो म्हणाला, "सर, ही फ्लॅश संगणकाला सरळ दिसतच नाही." मी म्हटले, मग मारता कसे? त्याने जे सांगितले ते मला एका दमात कळले, कारण माझे बालपण विहिरीवर गेले आहे.

फूट व्हॉल्व्ह गळका असला की पंपात हवा धरते. मोटार फिरते पण पाणी येत नाही. मग आपण काय करतो? वरून बादलीभर पाणी पंपात ओततो. तेवढ्या पाण्याच्या जोरावर पंप विहिरीतले पाणी ओढू लागतो. इथेही तसेच. बोर्डावर एक जंपर लावायचा, म्हणजे बोर्ड स्वतःच्या फ्लॅशकडे न बघता यूएसबीकडे बघतो. संगणकावर 'आरपीआयबूट' नावाचा प्रोग्राम चालवायचा. तो केबलमधून एक छोटा प्रोग्राम बोर्डाच्या तात्पुरत्या स्मृतीत ओततो. ही झाली बादली. तो छोटा प्रोग्राम जागा झाला की बोर्डाची मोठी फ्लॅश संगणकाला ड्राइव्ह म्हणून दाखवितो, आणि मग पूर्ण सिस्टीम तिच्यात उतरविता येते. काम झाले की जंपर काढायचा. तो काढायला विसरले की बोर्ड दर वेळी संगणकाचीच वाट बघत बसतो. आणि लिहून झाल्यावर पडताळणी होऊ द्यायची, ती घाईने बंद करायची नाही. संगणकावर ड्राइव्ह निवडतानाही दोनदा वाचायचे. चुकून संगणकाच्याच दुसऱ्या ड्राइव्हवर लिहिले तर तिथले सगळे गेले.

नुकसानीची एक गोष्ट आमच्याकडेही घडली. नववीतल्या एका मुलाचा पिको अडकत होता. मित्राने त्याला 'फ्लॅश न्यूक' नावाची फाइल मारायला सांगितली. ती फाइल सगळी फ्लॅश कोरी करते. बोर्ड सुधारला, पण तीन आठवडे लिहिलेला प्रोग्राम त्यातच गेला. खरे तर बहुतेक वेळा मायक्रोपायथनची फाइल पुन्हा मारली की भागते आणि मुलाचा प्रोग्राम तसाच राहतो. तेव्हापासून आमचा नियम आहे: बोर्डातला प्रोग्राम संगणकावरही हवा आणि वहीतही हवा. वहीत कशाला, असे मुले कुरकुरतात. मी मराठीचा शिक्षक आहे, मला हस्ताक्षरही बघायचे असते.

पालकांपैकी काहींनी मला विचारले आहे की याने दहावीच्या मार्कांत काय फरक पडतो. सरळ उत्तर देतो: फारसा नाही. पण दहावीनंतर आय.टी.आय.ला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, आणि डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'वेगा' नावाचे भारतीय प्रोसेसर आणि त्यांवर चालणारे 'एरीज' बोर्ड तयार केले आहेत. तेही आपल्या मुलांनी हाताळावेत असे मला वाटते, आणि संस्थेने दोन-तीन घेऊन द्यावेत अशी विनंती मी या व्यासपीठावरून करून टाकतो. चिटणीस साहेब इथेच बसले आहेत.

दुसरी विनंती गॅरेज, वाइंडिंग, मोबाईल दुरुस्ती, वेल्डिंग करणाऱ्या पालकांना. तुम्ही मुलांना म्हणता, "आमच्यासारखे हात काळे करू नका." त्यामागची तळमळ मला कळते. पण महिन्यातून एक शनिवार तुम्ही प्रयोगशाळेत या. चाचा आता येतात. मुले त्यांना माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतात आणि मी मागच्या बाकावर बसून ऐकतो.

ती मुलगी आता नववीत आहे. तिने केलेले ओल मोजण्याचे यंत्र बाहेर टेबलावर मांडले आहे. ते दर अर्ध्या तासाला नोंद करते. किती वेळाने आणि का, हे तिला विचारा, ती सांगेल. प्रयोगशाळा दर शनिवारी दुपारी दोन ते पाच उघडी असते. सहावीच्या पुढच्या कोणत्याही मुलाला किंवा मुलीला यायला हरकत नाही, फी नाही. बोर्ड आम्ही देऊ. केबल घरून आणलीत तर चार तारांची आणा. शंका असेल तर आत शिरताना आमच्या त्या कापलेल्या केबलजवळ थांबा, ती दारावर टांगलेली आहे.